होडी आणि पाटी : कोळी स्त्रीच्या व्यापाराचा इतिहास

आपल्या समाजाचा इतिहास सांगावयाचा झाला म्हणजे आपण बहुधा समुद्रापासून आरंभ करतो. शिवकालीन आरमारात आणि पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमारात आपल्या पूर्वजांनी बजावलेली सेवा, वारा व भरती-ओहोटी यांचे त्यांचे ज्ञान, तुफानात न डगमगणारे आपले तांडेल, ह्या गोष्टींचा उल्लेख समाजाच्या प्रत्येक मेळाव्यात होतो आणि तो व्हावयासच हवा. परंतु होडी किनाऱ्याला लागल्यानंतर पुढे काय होते, ह्याचा इतिहास आपण क्वचितच सांगतो. वाळूवर उतरलेल्या मासळीचे तांदूळ, कापड, औषधपाणी, मुलांची फी आणि नव्या जाळ्याचे सूत होईपर्यंतचा जो प्रवास, तो पिढ्यान्‌पिढ्या आपल्या स्त्रियांच्या डोक्यावरील पाटीतून झालेला आहे. होडीचा इतिहास हा आपल्या इतिहासाचा अर्धा भाग होय. उरलेला अर्धा भाग पाटीचा आहे आणि तो अद्याप कोणी नीट लिहून ठेवलेला नाही.

अलीकडे ग्रामीण स्त्रियांच्या उद्योजकतेविषयी पुष्कळ बोलले जाते. गरीब खेड्यांतील स्त्रियांना लहानसे भांडवल द्यावे, व्यवहार शिकवावा, म्हणजे त्या स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील, असे सांगण्यात येते. हा विचार स्तुत्य आहे यात शंका नाही. तथापि तो ऐकताना पालघर, वसई, उरण, अलिबाग, मुरुड ह्या किनाऱ्यावरील आपल्या खेड्यांतल्या वृद्ध स्त्रियांस किंचित हसू येईल. त्यांच्या सासूने, आजेसासूने हा व्यवहार कोणत्याही योजनेवाचून केला. भांडवल स्वतः उभे केले, माल स्वतः पारखला, भाव स्वतः ठरविला आणि तोटा आला तर तोही स्वतःच सोसला. उद्योग म्हणतात तो याहून निराळा असत नाही.

आपल्या धंद्याची जुनी घडी कशी होती ते आधी पाहू. समुद्रावरचे काम पुरुषाचे आणि किनाऱ्यावरचे काम स्त्रीचे, अशी ही विभागणी होती. नाखवा, तांडेल आणि खलाशी मासळी धरून आणीत. ती होडीतून उतरली म्हणजे तिच्यावरील अधिकार घरच्या स्त्रीकडे येई. कोणती मासळी ओली विकावयाची, कोणती सुकवावयाची, कोणती खारवून ठेवावयाची, कोणत्या गावी किंवा कोणत्या बाजारात न्यावयाची, हे तीच ठरवी. विक्रीचे पैसे तिच्या कनवटीला येत आणि घरखर्च तिच्याच हातून होई. देशातील कित्येक शेतकरी समाजांत स्त्री शेतात दिवसभर राबते, परंतु धान्याचे पैसे हाती घेऊन घरी येतो तो पुरुष. आपल्या समाजात पैसा स्त्रीच्या हातात प्रथम आला, हा मोठाच फरक होय. आपल्या स्त्रीचे बाजारातील धीट बोलणे, तिचा आवाज आणि तिची घासाघीस यांची इतरांनी पुष्कळ थट्टा केली आहे. मात्र जिचे स्वतःचे भांडवल पाटीत आहे आणि तासागणिक नासत आहे, तिला हलक्या आवाजात बोलून कसे चालेल, याचा विचार थट्टा करणाऱ्यांनी केला नाही.

हा व्यापार किती अवघड आहे हे समजण्यासाठी समुद्राचे वेळापत्रक ध्यानात घ्यावे लागते. आपल्या उत्तरेकडील किनाऱ्यावर डोळीची मासेमारी पूर्वापार चालत आली. समुद्रात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखे जाळे बांधावयाचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने त्यात मासळी शिरावयाची, अशी ही रीत. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे होडी आज पहाटे आली तर आठवड्याने ती भलत्याच वेळी येणार. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मासळी उदंड मिळते आणि भांगाच्या दिवसांत हात आखडतो. ज्या दिवशी सर्वांच्या पाट्या भरलेल्या असतात त्याच दिवशी भाव कोसळतो, आणि ज्या दिवशी भाव चांगला असतो त्या दिवशी पाटी अर्धी. चंद्राच्या कलेबरोबर चढउतार करणाऱ्या ह्या धंद्याचे गणित आपल्या निरक्षर स्त्रियांनी तोंडी सांभाळले.

ह्या अडचणीवर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे सुकी मासळी. बोंबलाचेच उदाहरण घ्या. त्याच्या शरीरात पाण्याचा अंश इतका असतो की, तो काही तासांत खराब होऊ लागतो. उधाणाच्या दिवशी ढिगांनी आलेला बोंबील ओला विकला जाणे अशक्य. म्हणून बांबूच्या उभ्या-आडव्या मांडणीवर, म्हणजे वलांडीवर, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते उन्हावाऱ्यात टांगावयाचे. जवळा, करंदी, मांदेली यांना अंगणात किंवा वाळूवर पसरावयाचे. कोळंबी उकडून, सोलून तिचे सोडे करावयाचे. मोठी मासळी चिरून तिला मीठ भरावयाचे. पाऊस अवचित आला तर सारा माल गोळा करण्यासाठी घरातील पोरेबाळेही धावत. ओल्या मासळीला आज भाव नाही म्हणून तिचे मूल्य चार महिने टिकवून धरणे, हे कोठारातील व्यापाऱ्याचे धोरण होय. आपल्या स्त्रीपाशी कोठार नव्हते. तिच्यापाशी ऊन, वारा आणि मीठ एवढेच होते.

ही सुकी मासळी आपल्या किनाऱ्याला आतल्या मुलखाशी जोडीत असे. मृग नक्षत्राच्या आधी कोकणातील प्रत्येक घर आगोटीची बेगमी करते. पावसाळ्यात होड्या बंद, वाटा बंद, भाजीपाला दुर्मिळ. त्यामुळे सुका बोंबील, सोडे आणि जवळा यांवाचून चार महिने काढणे कुणबी, आगरी वा वारली कुटुंबास कठीण. आपल्या बायका ह्या मासळीच्या पाट्या घेऊन आतील गावी जात आणि मोबदल्यात पुष्कळ ठिकाणी पैसे न घेता भात घेत. दोन्हीकडच्या गरजेचा हा मेळ होता. भाताचा भाव कापणीनंतर उतरतो आणि पावसाच्या तोंडी चढतो, मासळीचे चक्र निराळे चालते, हे दोन भाव मनाशी ताडून देवघेव ठरे. ठरलेल्या गावी ठरलेली घरे असत. माल आज द्यावयाचा आणि भात कापणीनंतर घ्यावयाचे, असाही व्यवहार चाले. कागद नाही, साक्षीदार नाही. केवळ ओळखीवर आणि शब्दावर चाललेली ही पत होती.

मुंबई शहर वाढले तसा ह्या व्यापाराला नवा बाजार मिळाला. ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले ती आपली कुलस्वामिनी. शहर उभे राहण्यापूर्वी तेथे आपलेच कोळीवाडे होते. एकोणिसाव्या शतकात कापसाचा व्यापार, गिरण्या आणि गोदी यांमुळे लोकवस्ती झपाट्याने वाढली आणि हजारो मासे खाणारी कुटुंबे एका ठिकाणी आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी सुरू झाली. १८६७ साली विरारहून मुंबईस लोकल गाडी धावू लागली. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उघडले. त्यालाच आपण आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतो. १८७५ साली ससून डॉक बांधून झाला आणि पुढे तो मासळी उतरविण्याचे प्रमुख ठिकाण बनला. आगगाडी ही कोळ्यांसाठी कोणी बांधली नव्हती. परंतु वसई-विरारकडील स्त्रीला तिने शहराच्या दाराशी आणून सोडले. मुंबईच्या लोकलगाडीतील मालाचा डबा आणि त्यात पाट्या रचून बसलेल्या आपल्या भगिनी हे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. दीडशे वर्षांच्या व्यापारी इतिहासाचे ते चालतेबोलते चित्र आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

शहरातील विक्रीची रीतही तिने स्वतःची ठेवली. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. पुढे शेर जाऊन किलो आला. अनेक दुकानदार त्या काळात गोंधळले. आपल्या बाजारात मासळी वाट्याने आणि नगाने विकली जाई, त्यामुळे वजनाचा बदल फारसा बाधला नाही; हिशेब मात्र नव्या नाण्यांत करावयास ती अल्पावधीत शिकली. वाटा लावणे ही देखील एक कलाच आहे. मोठ्या मासळीबरोबर लहान मासळी कशी बसवावयाची, कोणते गिऱ्हाईक रोजचे आणि कोणते वाटेवरचे, कोणाला वर एक मासा टाकावयाचा आणि कोणापुढे भावावर ठाम राहावयाचे, हे सारे तिच्या नजरेत असते.

एका दिवसाचा व्यवहार मांडून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, एका स्त्रीने पहाटेच्या लिलावात ३,००० रुपयांची मासळी घेतली. बर्फ, हमाली, गाडीभाडे आणि बाजाराची फी मिळून ३०० रुपये गेले. एकूण गुंतवणूक ३,३०० रुपये झाली. बाजार भरल्यावर पहिल्या दोन तासांत तिने निम्मी मासळी २,२०० रुपयांस विकली. म्हणजे निम्म्या मालात दोन-तृतीयांश भांडवल मोकळे झाले. दुपारपर्यंत आणखी पाव भाग ८०० रुपयांस गेला. राहिलेला पाव भाग सायंकाळी ५०० रुपयांस गेला तर एकूण ३,५०० रुपये झाले आणि दिवसभराच्या श्रमाबद्दल तिला २०० रुपये सुटले. परंतु पाऊस कोसळला, गाडी बंद पडली, किंवा तो वार मासळी न खाण्याचा निघाला आणि अखेरचा पाव भाग पडून राहिला, तर हाती ३,००० रुपयेच येतात आणि ३०० रुपयांचा तोटा होतो. संपूर्ण दिवसाचा नफा-तोटा शेवटच्या त्या पाव पाटीवर टांगलेला असतो. सायंकाळी भाव पाडून ओरडणारी विक्रेती लोभी नसते, ती आपले उद्याचे भांडवल वाचवीत असते. उद्याच्या लिलावात उभे राहावयाचे तर आजचे ३,००० रुपये परत यावयासच हवेत.

हे भांडवल ती आणीत असे कोठून? आपल्या स्त्रियांच्या अंगावरील सोने पाहून पुष्कळांस ती हौस वाटते. हौस असेल, परंतु ते सोने तिची पेढीही होती. चार महिने बऱ्यापैकी गेले की त्यातून वजनाने सोने घ्यावयाचे आणि होडी फुटली, जाळे वाहून गेले किंवा धंदा बसला की ते गहाण टाकून पुन्हा माल उचलावयाचा. बँकेच्या दारात जिला कोणी उभे केले नाही, तिने आपली बँक गळ्यात बाळगली. दुसरे साधन भिशीचे. दहा-वीस जणींनी ठराविक रक्कम एकत्र करावयाची आणि पाळीपाळीने एकीने सर्व उचलावयाची. तिसरे साधन उचल, आणि तेच घातक. होडी अथवा जाळे यांसाठी व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम घेतली म्हणजे मासळी त्यालाच, आणि तीही त्याच्या भावाने, द्यावी लागे. अशा घरात होडी भरून आली तरी स्त्रीची पाटी रिकामी राही. पुरुषाने केलेल्या कर्जाने स्त्रीचा व्यापार बुडविला, अशी उदाहरणे आपल्या प्रत्येक कोळीवाड्यात सापडतील.

ह्या व्यापाराचे खरे मोल कळते ते संकटाच्या वेळी. समुद्रावर गेलेला माणूस परत येतोच असे नाही. तुफानात होडी गेली की एकाच दिवशी पाचसात घरे उघडी पडतात. अशा वेळी ज्या घरातील स्त्रीच्या हाती पाटी होती ते घर तगले. सुतक फिटल्यावर ती पुन्हा बाजारात बसली आणि तिने मुलांना वाढविले. विधवेला भावाच्या वा दिराच्या दयेवर जगावे लागू नये यासाठी त्या काळी कोणता कायदा वा निवृत्तिवेतन नव्हते. तिचा बाजारातील कट्टा हेच तिचे निवृत्तिवेतन होते. सासूकडून सुनेकडे जो वारसा जाई त्यात दागिने असत तसाच बाजारातील बसण्याचा हक्क, ठरलेली गिऱ्हाइके आणि लिलावातील पत यांचाही समावेश असे.

असे असूनही लेखी कागदात ह्या स्त्रीचे स्थान कोठे आहे? १८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आणि १९०९ सालच्या मुंबई शहराच्या गॅझेटियरमध्ये आपल्या समाजाविषयी माहिती आहे. १९५९ साली विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो एका स्त्रीने केलेला अभ्यास होय, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ राहिले पाहिजे. परंतु सरकारी मोजणीची दृष्टी निराळी होती. होड्या किती, जाळी किती, खलाशी किती, हे मोजण्यात आले. पाट्या मोजण्याचे कोणास फारसे सुचले नाही. १९७१ च्या जनगणनेत ज्याचे मुख्य काम उत्पन्नाचे तोच कामकरी, अशी व्याख्या धरल्यामुळे घर सांभाळून धंदा करणाऱ्या असंख्य स्त्रिया देशभर गणनेतून निसटल्या. १९७४ साली भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या समितीने आपला अहवाल दिला आणि १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाचा ‘श्रमशक्ती’ अहवाल आला. तेव्हा कोठे स्वतःचा लहान धंदा करणारी स्त्री ही देखील देशाच्या अर्थव्यवस्थेचा भाग आहे, हे सरकारदरबारी ठळकपणे मांडले गेले.

सरकारला दोष देताना आपण आपल्या घरातही डोकावले पाहिजे. प्रस्तुत लेखकाच्या आजीस अक्षरओळख नव्हती. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढून ती उधारी लिहीत असे. उभी रेघ रुपयाची, आडवी आठ आण्यांची; आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरासाठी एकेक खूण. एका दिवाळीत घरच्यांनी न विचारता भिंतीस चुना फासला. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग तिने सगळी येणी एकेक करून तोंडपाठ सांगितली. माझ्या वडिलांनी ती वहीत उतरून घेतली. पुढे समाजाच्या कुटुंब-परिचय पुस्तिकेत आमच्या घराची नोंद झाली, तेव्हा आजोबांच्या नावापुढे ‘मच्छीमार’ असे छापले गेले. आजीच्या नावापुढे ‘घरकाम’ असा शब्द होता. पहाटे तीन वाजता घराबाहेर पडून दुपारी परतणाऱ्या, आजोबा आजारी असता दोन वर्षे सात माणसांचे घर एकटीने चालविणाऱ्या स्त्रीचा व्यवसाय घरकाम! ही नोंद कोणा परक्याने केलेली नव्हती. ती आपण केली होती आणि आमच्या घरातील कोणासही तिच्यात वावगे दिसले नाही.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीत मोठे परिवर्तन घडले. पंचवार्षिक योजनांतून होड्यांना यंत्रे बसविण्यास साहाय्य मिळाले. नायलॉनची जाळी आली. बर्फाचे कारखाने निघाले. सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या. ह्या सुधारणांनी आपल्या समाजाचे कल्याण झाले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तरी स्त्रीच्या बाजूने पाहता जमाखर्चात काही रकमा खर्चाच्याही दिसतात. जाळ्याचे सूत व विणकाम यांतून घरात मिळणारे काम नायलॉनने गेले. कर्ज, यंत्र आणि अनुदान होडीच्या मालकास मिळाले, व मालक म्हणून नाव बहुतांशी पुरुषाचे. सोसायटीचे सभासदत्वही होडीमागे आले, पाटीमागे आले नाही. मोठ्या यांत्रिक होड्यांनी मासळी गावच्या वाळूवर न उतरविता ससून डॉक अथवा भाऊचा धक्का येथे उतरविली. पूर्वी घरच्या होडीची मासळी आपोआप हाती येणाऱ्या स्त्रीला आता पहाटेच्या लिलावात रोख रक्कम घेऊन बड्या व्यापाऱ्यांशी बोली लावावी लागली. कोळंबीला परदेशात मागणी वाढली, १९७२ साली सागरी उत्पादनांच्या निर्यातीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले, देशाला परकीय चलन मिळाले. पण सर्वांत किमती माल पाटीत न येता थेट निर्यातदाराच्या गाडीत गेला. कालपर्यंत कोळंबीचा भाव ठरविणाऱ्या स्त्रियांपैकी काही जणी धक्क्यावर रोजंदारीने कोळंबी सोलावयास बसल्या. मालकिणीची मजूर होणे याहून मोठे नुकसान कोणते?

ज्यांनी ह्या परिस्थितीस तोंड दिले त्यांचेही स्मरण करावयास हवे. लिलावात एकटीची रक्कम अपुरी पडते म्हणून चौघीजणींनी मिळून माल उचलावयाचा आणि मागाहून वाटून घ्यावयाचा, ही प्रथा रूढ झाली. गुजरात व अन्य प्रांतांतून बर्फात येणारी मासळी विकत घेऊन त्यांनी आपला बाजार चालू ठेवला. मरोळसारख्या ठिकाणी सुक्या मासळीचा बाजार आपल्या भगिनींनी टिकवून धरला.

समुद्रापासून दूर असलेले एक उदाहरण येथे मुद्दाम देतो, कारण त्यात आपणास शिकण्याजोगे काही आहे. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथील म्हसवड गावी चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकाराने मोलमजुरी व लहान धंदे करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःची सहकारी बँक काढण्याचे ठरविले. प्रवर्तक स्त्रियांस लिहिता-वाचता येत नाही, ह्या कारणावरून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या स्त्रिया अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या. आम्ही शिकलो नसलो तरी व्याजाचा हिशेब तोंडी करू शकतो, असे त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. तोंडी हिशेबात आपल्या आज्या त्यांच्याहून तसूभरही कमी नव्हत्या. उणीव होती ती एकत्र येऊन स्वतःच्या नावाने संस्था काढण्याची. आपल्या भिशीला नाव नव्हते, नोंदणी नव्हती. म्हणून ती दहा-वीस जणींच्या पलीकडे वाढली नाही. १९७२ साली अहमदाबादेत ‘सेवा’ ही स्त्रियांची संघटना आणि १९७४ साली तिची बँक उभी राहिली. १९७५ साली आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ निघाले. १९९२ पासून नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला. ह्या वाटेवर आपल्या किनाऱ्यावरील स्त्रियाही चालू लागल्या आहेत, पण आपल्या व्यापाराच्या वयाच्या मानाने फार उशिरा.

आता कायदा थोडा अनुकूल झाला आहे. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने रस्त्यावर विक्री करणाऱ्यांच्या उपजीविकेस संरक्षण दिले. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय मत्स्यव्यवसायास लागू झाली. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्यास ४० टक्के, तर स्त्रियांना ६० टक्के साहाय्य ठेवण्यात आले. परंतु अशा सवलतींचा लाभ घ्यावयाचा तर आपण मासळीचा व्यवसाय करतो हे कागदाने सिद्ध करावे लागते. जिच्या नावापुढे आपणच ‘घरकाम’ लिहिले, ती हा कागद कोठून आणणार? जुने बाजार पाडून नवे बांधले जातात तेव्हाही हाच प्रश्न येतो. ज्या कट्ट्यावर तिच्या आजेसासूपासून घरातील स्त्रिया बसत आल्या त्या कट्ट्याची पावती नसेल, तर नव्या इमारतीत तिला जागा मागता येत नाही. इतिहासाची नोंद ही हौशी लोकांची करमणूक नाही, ती उपजीविकेची सनद आहे, हे अशा वेळी कळून येते.

ह्या व्यापाराचे गुणगान करताना त्यातील कष्ट झाकू नयेत. पहाटेचे जागरण, ओल्या पाटीने धरलेली मान, बाजारात स्वच्छतागृहाची वानवा आणि घरी आल्यावर पुन्हा चूल, हे सारे तिनेच सोसले. आई बाजारात गेली म्हणून धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीची शाळा सुटली. घरचा पैसा जिच्या हातून फिरला तिला गावकीच्या बैठकीत बोलण्याचा अधिकार मात्र मिळाला नाही. आपल्या समाजात पूर्वी धवलारीणीच्या गाण्यावाचून लग्न लागत नसे. ज्या समाजाने स्त्रीला लग्नाचे पौरोहित्य दिले आणि बाजाराचे व्यवहार दिले, त्याने तिला गावकीत आसन देऊ नये, ही विसंगती आपणच दूर केली पाहिजे. आपल्या आजच्या मुली शिकल्या, शिक्षिका, परिचारिका, वकील झाल्या, यात आनंदच आहे. त्यांनी पाटी उचलावी असा आग्रह कोणी धरू नये. परंतु त्यांच्या शिक्षणाची फी कोणत्या पाटीतून आली, हे त्यांस ठाऊक असावयास हवे.

म्हणून समाजबांधवांस व भगिनींस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, यापुढे कुटुंब-परिचय पुस्तिकेत मासळी विकणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या नावापुढे ‘मासळी-व्यापार’ असा व्यवसाय स्पष्ट लिहावा, आणि ज्या दिवंगत झाल्या त्यांच्या नोंदीही दुरुस्त कराव्यात. दुसरी, प्रत्येक घरातील जुन्या बाजार-पावत्या, परवाने, भिशीच्या वह्या आणि छायाचित्रे जपावीत. वृद्ध स्त्रियांकडून त्यांच्या फिरतीची गावे, मालाचे भाव, उधारीच्या रीती लिहून घ्याव्यात. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते. त्या दिवसांत घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आजीजवळ वही घेऊन बसावे. तिसरी, सोसायट्यांमध्ये व समाजाच्या कार्यकारिणीत विक्रेत्या स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या नावाने सभासदत्व द्यावे. घरातील पुरुष सभासद आहे हे उत्तर पुरेसे मानू नये.

नारळी पौर्णिमेस आपण समुद्राला नारळ अर्पण करतो आणि होडीची पूजा करतो. त्या दिवशी घरातील पाटीलाही हळदकुंकू लावण्याची चाल ज्या घरी असेल त्यांनी ती राखावी. ज्या घरी नसेल त्यांनी ती सुरू करावी. होडीने आपणास मासळी दिली आणि पाटीने त्या मासळीचे घर उभारले. दोहोंचा इतिहास एकत्र लिहिला जाईल तेव्हाच आपला इतिहास पुरा होईल.